नव्या नगरातील वाहनतळ आणि प्रवासाची मागणी : नवी मुंबईच्या नियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९६५–२०२५)

गोषवारा

नव्या नगराची उभारणी करताना वाहने उभी करण्यासाठी किती जागा राखावी, हा प्रश्न सकृद्दर्शनी स्थापत्यशास्त्रातील एक किरकोळ तपशील वाटतो. वस्तुतः नागरिकांनी कोठे राहावे, कोठे काम करावे आणि या दोहोंमधील अंतर कोणत्या साधनाने पार करावे, याविषयी राज्यसंस्थेने घेतलेल्या अथवा न घेतलेल्या निर्णयांचा तो अखेरचा परिणाम असतो. प्रस्तुत शोधनिबंधात नवी मुंबईच्या नियोजनाचा १९६५ पासूनचा इतिहास या दृष्टीने तपासला आहे. १९७३ च्या प्रारूप विकास आराखड्याने प्रवासाची मागणीच कमी करण्याचे तत्त्व स्वीकारले होते; परंतु शासकीय कार्यालयांचे स्थलांतर न झाल्याने आणि रस्ता व रेल्वे यांच्या आगमनात सुमारे दोन दशकांचे अंतर पडल्याने ते तत्त्व निष्प्रभ ठरले व त्याची जागा वाहनतळाच्या सक्तीच्या नियमांनी घेतली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नवी मुंबई, सिडको, वाहनतळ, प्रवासमागणी, विकास नियंत्रण नियमावली, उपनगरी रेल्वे, भूसंपादन.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नागरीकरणाच्या अभ्यासात गृहनिर्माण, पाणीपुरवठा, झोपडपट्ट्या व भूसंपादन या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने वाहने उभी करण्याच्या जागेकडे इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले गेले. वर्तमानपत्रांतून हा प्रश्न रोज चर्चिला जातो. पण तेथे त्याचे स्वरूप गैरसोयीची तक्रार असे असते. तो प्रश्न निर्माण कसा झाला, कोणत्या निर्णयाने वाढला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.

मोटारगाडी दिवसाच्या चोवीस तासांपैकी फार थोडा वेळ धावते. उरलेला सर्व वेळ ती कोठेतरी उभी असते. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद व साडेपाच मीटर लांब असे धरले होते, म्हणजे १३.७५ चौरस मीटर. गाडी आत-बाहेर नेण्याची वाट त्यात मिळविली की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. नगररचनेच्या प्रचलित भारतीय मानकांनुसार उघड्या वाहनतळात एका मोटारीमागे सुमारे २३, इमारतीखालील आच्छादित वाहनतळात २८ व तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली जाते. तुलनेसाठी हे ध्यानात घ्यावे, की १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला देऊ केलेले घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरचे होते. ही तुलना भावनेला आवाहन करण्यासाठी केलेली नाही. जमीन मर्यादित असलेल्या नगरात वाहनतळाचा नियम हा जमिनीच्या वाटपाचाच नियम असतो, एवढेच तिच्यावरून दाखवावयाचे आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) वाहनतळाविषयीच्या दोन विचारधारांचा ऐतिहासिक परामर्श घेणे, (२) नवी मुंबईच्या मूळ नियोजनातील प्रवासविषयक तत्त्वे व त्यांची प्रत्यक्षातील वाटचाल यांचा अभ्यास करणे, (३) त्या अनुभवाच्या प्रकाशात आज आकारास येत असलेल्या नव्या नागरी विस्ताराचा विचार करणे. विवेचनासाठी प्रसिद्ध झालेले आराखडे, अधिनियम, नियमावल्या व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

दोन विचारधारा : पुरवठा आणि मागणी

वाहनतळाच्या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन पद्धती विसाव्या शतकात रूढ झाल्या. पहिल्या पद्धतीत वाहनांची संख्या गृहीत धरली जाते आणि तेवढी जागा निर्माण करणे हे नियोजनाचे कर्तव्य मानले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील कोलंबस या शहराने १९२३ मध्ये बहुकुटुंबी निवासी इमारतींना वाहनांसाठी जागा राखण्याची सक्ती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी किमान वाहनतळाची अट अमेरिकेतील बहुतेक शहरांनी स्वीकारली आणि तेथून ती जगभरच्या नगररचना नियमांत उतरली.

दुसऱ्या पद्धतीत मागणी ही स्थिर गोष्ट मानली जात नाही. जागेला मूल्य लावले, पर्यायी वाहतूक उपलब्ध करून दिली, घर व कामाचे ठिकाण जवळ आणले, तर मागणी बदलते, असा तिचा आधार आहे. ओक्लाहोमा सिटी येथे १९३५ मध्ये रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारींसाठी नाण्यावर चालणारे मापकयंत्र बसविण्यात आले. रस्त्याची कड ही फुकट वापरण्याची वस्तू नाही, ही जाणीव त्यामागे होती. जपानने १९६२ च्या कायद्याने मोटार ठेवण्यासाठी रस्त्याबाहेर जागा असल्याचे दाखविणे मालकावर बंधनकारक केले. येथे जागेची जबाबदारी इमारत बांधणाऱ्यावरून वाहन बाळगणाऱ्यावर गेली, हा फरक महत्त्वाचा आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात गर्दीच्या वेळी प्रवेश करणाऱ्या मोटारींवर परवाना शुल्क लावले आणि १९९० पासून नव्या वाहनांच्या नोंदणीवरच संख्येची मर्यादा घातली.

अमेरिकन नगररचनातज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पहिल्या पद्धतीची सविस्तर चिकित्सा केली. ज्याला आपण फुकट वाहनतळ म्हणतो त्याचा खर्च घरांच्या किमतीत, भाड्यात आणि दुकानातील मालाच्या दरात मिसळलेला असतो, आणि तो मोटार नसलेल्या माणसालाही भरावा लागतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. या दोन विचारधारांच्या कसोटीवर नवी मुंबईचा इतिहास तपासला असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. हे नगर दुसऱ्या विचारधारेतून जन्मले आणि पहिलीच्या हाती वाढले.

मुंबईची कोंडी व जुळ्या नगराची कल्पना

मुंबईचा भूगोल दक्षिणोत्तर चिंचोळा आहे. रोजगार दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेकडे सरकत गेलेली, यामुळे सकाळी सर्वांनी दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे जावे अशी या नगराची रचना बनली. १९४८ मध्ये ना. वि. मोडक व आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा रूपरेषा आराखडा मांडला. त्यानंतर स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पूर्वेकडील मुख्य भूमी मुंबईशी जोडण्याची शिफारस केली. १९६३ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेच्या वाहतूक अभ्यासाने मुंबईसाठी द्रुतगती मार्गांचे जाळे सुचविले. या अभ्यासाची दृष्टी प्रामुख्याने पुरवठ्याची होती. वाहने वाढणार, म्हणून रस्ते वाढवावेत, असा तिचा ओघ होता.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून वेगळी दिशा मांडली. मुंबईचा दक्षिणोत्तर प्रवाह रुंद करीत बसण्यापेक्षा त्या प्रवाहाचे कारणच बदलावे. खाडीपलीकडे रोजगारासह नवे नगर वसवून मुंबईला एका रेषेऐवजी बंदराभोवतीच्या अनेक केंद्रांचे रूप द्यावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्याच सुमारास नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ समितीनेही १९६६ मध्ये प्रादेशिक नियोजनाचा व विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले. कोरिया हे तिचे मुख्य वास्तुविशारद, तर पटेल हे नियोजन व बांधकामाचे संचालक म्हणून आरंभीच्या वर्षांत तिच्या कामाशी निगडित होते.

१९७३ चा आराखडा : मागणीचे नियोजन

१९७३ च्या प्रारूप विकास आराखड्यात सुमारे २० लाख लोकसंख्येचे नगर कल्पिले होते. त्यातील प्रवासविषयक विचार पुढील चार तत्त्वांत सांगता येतो.

पहिले तत्त्व अनेक केंद्रांचे. एकच मोठा मध्य न ठेवता नगराची विभागणी ‘नोड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपनगरांत करावयाची आणि प्रत्येक नोडमध्ये शाळा, बाजार, दवाखाना व शक्य तेवढा रोजगार ठेवावयाचा. दुसरे तत्त्व पायी चालण्याचे. नोडमधील सेक्टरांची रचना अशी असावी की दैनंदिन गरजांसाठी वाहन लागू नये. तिसरे तत्त्व सार्वजनिक वाहतुकीचे. नोड हे सामूहिक वाहतुकीच्या मार्गावर ओवलेले असावेत; प्रारंभी त्या मार्गावर बस धावावी आणि वस्ती वाढली की त्याच पट्ट्यात रेल्वे यावी. चौथे तत्त्व रोजगाराचे. राज्य शासनाने आपली कार्यालये नव्या नगरात हलवावीत, म्हणजे खाजगी कार्यालये त्यामागोमाग येतील.

या चारही तत्त्वांत वाहनतळाचा विचार गौण आहे, हे मुद्दाम नोंदवावयास हवे. हा नियोजनकारांचा विसर नव्हता. बहुसंख्य रहिवासी अल्प व मध्यम उत्पन्न गटांतील असणार आणि त्यांना मोटार परवडणार नाही, हे त्यांचे गृहीत होते; आणि १९७३ मध्ये ते वास्तवाला धरून होते. मारुती मोटार बाजारात आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, आणि मोटारीसाठी कर्ज सुलभ झाले ते १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर. १९७३ च्या आराखड्याने वाहनांसाठी जागा कमी ठेवली म्हणून तो फसला, असा जो आक्षेप पुढे घेतला गेला तो म्हणूनच अपुरा वाटतो. आराखड्याची शक्ती वाहनतळाच्या चौरस मीटरांत नव्हती. ती चार तत्त्वे एकाच वेळी अमलात येण्यावर अवलंबून होती. तसे झाले का, हा खरा प्रश्न आहे.

पूल आधी, रेल्वे मागाहून

ठाणे खाडीवरील वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. रस्ता आला, पण ज्या रेल्वेवर आराखड्याचे तिसरे तत्त्व उभे होते ती यायला जवळजवळ दोन दशके लागली. मानखुर्द ते वाशी हा रेल्वेमार्ग ९ मे १९९२ रोजी सुरू झाला. त्यानंतर गाडी १९९३ मध्ये बेलापूरपर्यंत व १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचली. ठाणे व वाशी यांना जोडणारा मार्ग २००४ मध्ये, तर नेरूळ–उरण मार्गाचा पहिला टप्पा २०१८ मध्ये खुला झाला आणि उरणपर्यंतची गाडी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा पहिला मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

या तारखांचा अर्थ असा, की नगर वसविण्यास आरंभ झाल्यापासून पहिली लोकलगाडी येईपर्यंत एक संपूर्ण पिढी बस, टॅक्सी व स्वतःचे वाहन यांच्या भरवशावर राहिली. प्रवासाच्या सवयी नगराच्या बाल्यावस्थेत घडतात. ज्या कुटुंबाने बसच्या अनियमिततेला कंटाळून स्कूटर घेतली, ते रेल्वे आली म्हणून स्कूटर विकत नाही; पुढे ऐपत वाढली की त्याच कुटुंबात मोटार येते.

चौथ्या तत्त्वाचे काय झाले? कोकण भवनाच्या रूपाने विभागीय कार्यालये बेलापूरला आली. मंत्रालय व विधिमंडळ मात्र दक्षिण मुंबईतच राहिले, आणि नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे उठत गेले. नव्या नगराचा पुरस्कार करणारे शासन स्वतः तेथे गेले नाही. पुढे वांद्रे–कुर्ला संकुल हे कार्यालयांचे दुसरे मोठे केंद्र झाले. तेही बेटाच्याच बाजूला. परिणामी नवी मुंबईतील रहिवाशांच्या एका मोठ्या वर्गासाठी हे नगर राहण्याचे ठिकाण झाले आणि कामाचे ठिकाण खाडीपलीकडेच राहिले. जो प्रवास टाळण्यासाठी नगर निर्माण केले, तोच प्रवास आता खाडी ओलांडून अधिक लांबीचा झाला. वाशीच्या जुन्या पुलाशेजारी १९९७ मध्ये दुसरा पूल बांधावा लागला, ही या घडामोडीची दृश्य साक्ष होय.

एक गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे स्थलांतरित झाली, ती म्हणजे घाऊक व्यापार. १९८० व १९९० च्या दशकांत कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे व भाजीपाला यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात, तर लोखंड-पोलाद बाजार कळंबोलीला नेण्यात आला. दक्षिण मुंबईच्या अरुंद गल्ल्यांतील मालमोटारींची गर्दी त्यामुळे कमी झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि उरण-पनवेल परिसरातील रस्त्यांवर कंटेनर वाहनांची भर पडली. हमाल, मापाडी, वाहनचालक व लहान व्यापारी यांना नव्या नगरात जावे लागले. सचिव आणि संचालक यांना जावे लागले नाही. प्रवासमागणीचे व्यवस्थापन ही केवळ तांत्रिक प्रक्रिया नसून सत्तेच्या संबंधांशी निगडित असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

कोणी काय मोजले

मागणीचे व्यवस्थापन मुख्यतः किमतीच्या साधनाने होते. त्या दृष्टीने नवी मुंबईत कोणत्या प्रवाशाला काय मोजावे लागले, हे पाहणे उद्बोधक आहे.

मानखुर्द–बेलापूर रेल्वेमार्गाच्या खर्चापैकी ६७ टक्के वाटा सिडकोने व ३३ टक्के वाटा रेल्वेने उचलला. रेल्वेच्या खर्चाचा मोठा भाग नगरविकास संस्थेने करावा, ही भारतातील अभिनव व्यवस्था होती आणि तिच्यामुळेच मार्ग होऊ शकला. सिडकोने हा पैसा जमिनीच्या विक्रीतून उभा केला. वाशी, बेलापूर यांसारख्या स्थानकांवर व्यापारी संकुले उभारण्याची कल्पनाही त्यातलीच. तथापि या मार्गांवरील प्रवाशांना तिकिटाबरोबर अधिभारही द्यावा लागला. म्हणजे सामूहिक वाहतूक वापरणारा नागरिक आपल्या मार्गाच्या बांधकामाचा खर्च तिकिटातून फेडीत राहिला. त्याच काळात सेक्टरातील रस्त्याच्या कडेला रात्रभर मोटार उभी करणाऱ्या नागरिकाला बहुतेक ठिकाणी काहीही द्यावे लागत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरील पथकर हलक्या वाहनांना माफ करण्यात आला.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्यांवरील जागेचे वाटप करताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार करावा आणि वाहनतळाचे शुल्क त्या जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, असे स्पष्ट सुचविले होते. धोरण आणि व्यवहार यांतील अंतर वरील तपशिलांवरून दिसून येते. ज्या प्रवासास उत्तेजन द्यावयाचे त्यावर अधिभार आणि ज्याला आळा घालावयाचा त्याला सवलत, असा हा उलटा क्रम होता.

नियमांची सक्ती

मागणी कमी करण्याचे उपाय मागे पडले तसतसा सर्व भार विकास नियंत्रण नियमावलीवर आला. घराचे क्षेत्रफळ जितके मोठे तितकी अधिक वाहनजागा, असे कोष्टक नियमावल्यांतून रूढ झाले. वाहनतळाची जागा चटईक्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय असलेल्या एकूण बांधकामाच्या मोजणीत, धरावयाची नाही, अशी सवलतही देण्यात आली. यामुळे वाहनतळाचे बांधकाम मोजणीतून अदृश्य झाले. माणसाने राहावयाच्या प्रत्येक चौरस मीटरवर मर्यादा आणि मोटार ठेवावयाच्या चौरस मीटरला मुभा, अशी विषमता नियमातच निर्माण झाली.

मुंबईत २००८ पासून याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेस देणाऱ्या विकासकास वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद झाली. वाहनतळ बांधले गेले. पण जवळचा रस्ता फुकट असताना पैसे मोजून तेथे वाहन ठेवण्यास लोक पुढे आले नाहीत. अखेर जुलै २०१९ मध्ये अशा वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर वाहन उभे करणाऱ्यांवर हजारो रुपयांचा दंड लावण्याची वेळ महापालिकेवर आली. केवळ जागा निर्माण केल्याने प्रश्न सुटत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

जागेच्या मालकीचा वादही न्यायालयात गेला. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्णय दिला, की १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाखाली इमारतीखालील स्टिल्टची जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येणार नाही. ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग होय. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने उघड्या वाहनतळास सामाईक क्षेत्रात धरले. बंदिस्त गॅरेजचा विचार मात्र वेगळा केला. ज्या जागेस नियमावली सार्वजनिक गरज म्हणून मोजणीतून सूट देते, तीच जागा बाजारात विक्रेय वस्तू बनते, ही विसंगती या वादाच्या मुळाशी होती.

नवी मुंबईच्या संदर्भात हा प्रश्न ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने विकासकांना वाहनतळाची जागा कमी ठेवण्याची मुभा दिली, यास जनहित याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले होते. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सुनावणीत असे मत व्यक्त केले, की केवळ ऐपत आहे म्हणून एका कुटुंबास चार-पाच मोटारी बाळगू देणे योग्य नाही. जागा असल्याखेरीज वाहने घेण्यास परवानगी नसावी.

या प्रकरणात दोन्ही विचारधारा समोरासमोर येतात. याचिकेचा रोख जागेचा पुरवठा कमी होण्यावर होता. न्यायालयाने प्रश्न वाहनांच्या मागणीकडे वळविला. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी वाहनतळाचा दाखला असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचा विचार जाहीर केला, तो याच दिशेने जाणारा होता. तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. जपानमध्ये असा कायदा परिणामकारक ठरला त्यामागे तेथील विस्तृत रेल्वेचे जाळे होते. पर्याय नसताना घातलेले बंधन दाखल्यांचा नवा बाजार निर्माण करण्याची शक्यता अधिक. याचप्रमाणे, नुसती वाहनतळाची अट शिथिल करणे म्हणजेही मागणीचे व्यवस्थापन नव्हे. बस, रेल्वे, पदपथ व रस्त्यावरील जागेचे शुल्क यांची जोड नसेल तर त्या शिथिलीकरणाचा लाभ विकासकाला होतो आणि मोटारी रस्त्यावर येतात. याचिकाकर्त्या नागरिकाची तक्रार या अर्थाने निराधार नव्हती.

जमिनीचा प्रश्न

नवी मुंबईची जमीन मोकळी पडलेली नव्हती. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या नियोजित क्षेत्रात त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे समाविष्ट होती. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी व अन्य समाजांच्या जमिनी सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित केल्या गेल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे फलित म्हणून पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

जमीन संपादित करताना दिलेले समर्थन असे होते, की जमिनीच्या वाढत्या मूल्याचा लाभ सटोडियांना न मिळता नगरास मिळेल आणि त्यातून गरिबांसाठी घरे व सर्वांसाठी सुविधा उभ्या राहतील. या कसोटीवर वाहनतळाचा हिशेब मांडला तर तो गंभीर ठरतो. शंभर मोटारींच्या उघड्या वाहनतळास सुमारे २,३०० चौरस मीटर जमीन लागते. कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूर येथे आखलेल्या वाढत्या घरांच्या वसाहतीतील भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते. रस्ते व मोकळी जागा वगळता तेवढ्याच जमिनीत तीस ते पन्नास कुटुंबांचे भूखंड बसतात. ज्या शेतकऱ्याने सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन दिली, त्याच्या दृष्टीने खाजगी मोटारीची विनामूल्य जागा हे सार्वजनिक प्रयोजन ठरते काय, हा प्रश्न नगररचनेच्या अभ्यासकांनी टाळता कामा नये.

वर्तमान विस्तार : इतिहासाची पुनरावृत्ती?

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’ क्षेत्रासाठी, २०१३ मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणामार्फत नवे नगर वसविण्याची अधिसूचना निघाली; ‘तिसरी मुंबई’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

१९७३ च्या घटनाक्रमाशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पुन्हा एकदा पूल आधी आला आहे, आणि तो केवळ रस्त्याचा पूल आहे. त्यावर रेल्वे नाही. दुचाकी व रिक्षा यांना त्यावर मज्जाव आहे. म्हणजे या पुलाने जोडलेल्या प्रदेशाची पहिली ओळख मोटार बाळगणाऱ्या वर्गाशी होणार. त्या वर्गाच्या सवयींनुसार पहिल्या इमारती बांधल्या गेल्या, तर वाहनतळाची कोष्टकेही त्यांच्याच मापाने ठरतील, आणि रेल्वे अथवा मेट्रो येईल तेव्हा नगराचा साचा पक्का झालेला असेल.

निष्कर्ष

१. नवी मुंबईतील वाहनतळाची टंचाई ही मूळ आराखड्यातील उणिवेतून उद्भवलेली नाही. आराखड्याने प्रवासाची गरज कमी करण्याचे जे उपाय सांगितले होते ते वेळेवर अमलात न आल्याने ती उद्भवली.

२. नव्या नगरात वाहतुकीच्या साधनांचा क्रम निर्णायक असतो. १९७३ चा पूल व १९९२ ची रेल्वे यांमधील अंतराने नगराच्या प्रवासविषयक सवयी घडविल्या. रेल्वे व बस वस्तीच्या आधी, निदान वस्तीबरोबर यावयास हवी.

३. रोजगाराच्या स्थलांतराचा भार घाऊक व्यापार व श्रमिक यांवर पडला. शासनाने स्वतःस त्यातून वगळले. जे शासन प्रवासमागणीचे नियोजन करू इच्छिते, त्याने आपल्या कार्यालयांच्या जागेपासून आरंभ करावा.

४. किमतींचा क्रम उलटा होता. रेल्वे प्रवाशावर अधिभार आणि उभ्या मोटारीस मोफत जागा ही व्यवस्था बदलून वाहनतळाच्या शुल्कातून बससेवा व पदपथ यांसाठी निधी उभारणे अधिक न्याय्य ठरेल.

५. वाहनतळाची सक्ती व तिचे शिथिलीकरण हे दोन्ही स्वतंत्रपणे अपुरे आहेत. चटईक्षेत्रातून मिळणारी सूट, रस्त्याच्या कडेचे शुल्क, सार्वजनिक वाहतुकीची उपलब्धता व वाहननोंदणी यांचा एकत्रित विचार झाला तरच त्यास मागणीचे व्यवस्थापन म्हणता येईल.

१९६५ मध्ये तीन नियोजनकारांनी जो प्रश्न विचारला होता, तो मोटारी कोठे उभ्या कराव्यात हा नव्हता. माणसांना रोज इतके दूर का जावे लागते, हा होता. १२४ गावांच्या जमिनीवर पुढील आराखड्याची रेषा ओढण्यापूर्वी तो प्रश्न पुन्हा विचारणे, आणि या वेळी त्याचे उत्तर नगर वसण्याआधी देणे, हे नियोजन प्राधिकरणांचे पहिले कर्तव्य होय.